ग्रामसभा आणि आपण शेतकरी

पंचायतीच्या निवडणुकीच्या दिवशीं आपला शेतकरी हातचें औत सोडून मत देण्यास जातो. घरांतील वृद्ध माणसासही गाडींत घालून नेतो. ही गोष्ट भूषणावह आहे. परंतु तोच गृहस्थ पुढील पांच वर्षांत ग्रामसभेस किती वेळां गेला, असें विचारल्यास समाधानकारक उत्तर क्वचितच मिळतें. जणूं मत देतांच गांवच्या कारभाराशीं आपला संबंध संपला! ही समजूत शेतकऱ्यास फार महाग पडते, असें माझें स्पष्ट मत आहे.

१९३५ च्या कायद्याच्या काळीं मताचा हक्क सारा, कर, शिक्षण इत्यादि अटींवर अवलंबून असे. गरीब मजूर व बहुतेक स्त्रिया त्यास मुकत. राज्यघटनेनें १९५० सालीं तो सर्व प्रौढांस दिला, आणि ७३ व्या घटनादुरुस्तीनें २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेस घटनेंतच स्थान मिळालें. विधानसभेंत आपला प्रतिनिधि बसतो; ग्रामसभेंत मात्र गांवच्या मतदारयादींत नांव असलेला प्रत्येक मनुष्य स्वतःच सभासद असतो.

आपल्या राज्याच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यान्वयें वर्षांतून निदान चार ग्रामसभा भरविणें प्राप्त आहे. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेपुढें जमाखर्च, मागील कारभाराचा अहवाल, पुढील कामांची योजना व हिशेबतपासणीचे शेरे मांडावयाचे असतात. कित्येक योजनांचे लाभार्थीही येथेंच ठरतात. गणपूर्तीस शेंकडा १५ मतदार किंवा १०० मतदार, यांपैकीं जी संख्या कमी ती पुरते. तितकीं माणसें न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली म्हणजे तीस गणपूर्तीचें बंधन राहत नाहीं. सारी मेख येथेंच आहे. हजार-बाराशें मतदारांच्या गांवीं पंधरा-वीस माणसें चहा घेऊन उठतात, आणि त्यांचा ठराव सबंध गांवाचा ठराव ठरतो. (हजेरीच्या सह्या मागाहून घरोघर फिरून गोळा होतात, ती कथा निराळीच.)

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अशा ठरावांच्या नकला पुष्कळ नजरेखालून गेल्या. कोठें गायरानाचा तुकडा भलत्याच कामीं देण्यास संमति दिलेली असे, कोठें पाणंदीचें काम एका शिवारांतून दुसऱ्या शिवारांत गेलेलें असे. मग दोन-तीन वर्षांनीं शेतकरी कचेरींत येऊन म्हणे, "रावसाहेब, आम्हांस यांतलें कांहींच ठाऊक नाहीं." तो खरेंच बोलत असे. पण कागदावर 'सर्वानुमतें मंजूर' हे शब्द असत, आणि कचेरी कागद वाचते. लेखी ठराव नुसत्या तोंडी तक्रारीनें खोडला जात नाहीं.

सभेस गेल्यानें भाऊबंदकी वाढते, वैर येतें, असें कित्येक म्हणतात. यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. पण वैर बहुधा माणसाचें नांव घेतल्यानें येतें. कामाविषयीं व रकमेविषयीं विचारल्यानें तितकें येत नाहीं. शिवाय एकट्यानें उठण्यापेक्षां एका शिवाराचे दहा खातेदार मिळून गेले, तर प्रश्नास वजन येतें आणि रोष वांटला जातो. मजुराचा रोज बुडतो, ही अडचण मात्र खरी आहे. बहुतेक गांवीं २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशीं सभा होतात. त्यांपैकीं १५ ऑगस्ट अनेक ठिकाणीं ऐन खुरपणींत येतो. सभेची वेळ सोयीची ठेवण्याचा आग्रह गांवकऱ्यांनीं आधींच धरावा. ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविण्याची तरतूद आहे, तिचीही आठवण घरोघर करून द्यावी. पाण्याच्या प्रश्नांत स्त्रियांइतकें जाणतें दुसरें कोण?

सभेस जातांना आपला प्रश्न लिहून न्यावा. ठराव मान्य नसल्यास आपला विरोध नांवासह इतिवृत्तांत नोंदविण्यास सांगावें, आणि उठण्यापूर्वीं लिहिलेलें वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. नक्कल देण्यास टाळाटाळ झाली, तर २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आहेच. आपल्या संघाच्या सभासदांनींही एवढें करावें, कीं ग्रामसभेची नोटीस निघतांच तिची एक प्रत खत-बियाण्याच्या गोदामाच्या दारावर डकवावी. चावडीकडे महिनोन्महिने न फिरकणारा शेतकरीही तेथें आठवड्यांतून एकदां येतोच.