पदवीनंतरचे पहिले पुस्तक

फाउंडेशन, इंटरमिजिएट व फायनल हे तीन टप्पे आणि आर्टिकलशिप पार पाडून यवतमाळ, वणी, पुसद वा दारव्हा येथील एखादा तरुण सनदी लेखापाल होतो. एखादी तरुणी एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि त्यानंतरची वर्षभराची आंतरवासिता पूर्ण करून घरी परतते. शालेय वयात गोष्टींच्या पुस्तकांचा फडशा पाडणारी ही मुले आता मोठ्या हौसेने एखादी कादंबरी उघडतात आणि दहाव्या पानावर मिटून ठेवतात. वाचनाची गोडीच संपली, असे त्यांना वाटू लागते.

वस्तुतः त्यांची वाचण्याची रीत बदललेली असते. परीक्षेसाठी वाचताना डोळा व्याख्या, कलम आणि आकडा शोधतो, हात पेन्सिलीने खुणा करतो आणि मन ‘यावर प्रश्न काय येईल?’ असे विचारीत राहते. त्या काळात ही रीत आवश्यकच असते. परंतु कादंबरीत पाठ करण्याजोगे कलम नसते. म्हणून अशा मनाला ती निष्फळ भासते. त्यात आपल्या घराघरांतून कथा-कवितेला ‘अवांतर वाचन’ असे नाव मिळालेले. वर्षानुवर्षे ज्याला अवांतर म्हणून दूर सारले, ते हाती घेताच वेळ वाया घालवीत असल्याची टोचणी लागते.

गोडी आपोआप परत येईल, या भरवशावर राहणे मात्र धोक्याचे आहे. चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात नमूद केले आहे की, तिशीपर्यंत त्याला काव्याची आवड होती; उत्तरायुष्यात मात्र काव्याची एक ओळही सहन होईना. आयुष्य पुन्हा जगावयास मिळाले असते, तर आठवड्यातून एकदा तरी काही काव्य वाचण्याचा आणि संगीत ऐकण्याचा नियम केला असता, अशी खंत त्याने व्यक्त केली.

वाणिज्य व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या जॉन स्टुअर्ट मिलची कथा याहून आशादायक आहे. वडिलांनी त्याला तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकविले. अखंड अभ्यासातून घडलेला हा युवक १८२६ मध्ये, विसाव्या वर्षी, गाढ औदासीन्यात बुडाला. त्यातून सावरताना त्याला आधार मिळाला तो मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणींचा आणि पुढे १८२८ मध्ये वर्ड्स्वर्थच्या कवितांचा. ही पुस्तके त्याने कोणत्याही परीक्षेसाठी वाचली नव्हती.

व्यवसायाची विद्या आणि साहित्याची ओढ एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातही आहे. वणीत १८८० मध्ये जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी कायद्याची पदवी घेतली, यवतमाळात वकिली केली, पुढे बिहारचे राज्यपालपद भूषविले. तरीही संस्कृत त्यांच्यापासून सुटले नाही. लोकमान्य टिळकांवरील त्यांच्या ‘श्रीतिलकयशोर्णव’ या संस्कृत महाकाव्यास १९७३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

परतीची वाट साधी आहे. प्रारंभी लहान पुस्तक घ्यावे: एखादा कथासंग्रह, प्रवासवर्णन अथवा शाळेत असताना आवडलेले एखादे पुस्तक. पेन्सिल दूर ठेवावी. रोज इतकी पाने, असे लक्ष्य ठरवू नये. रुचले नाही तर मध्येच सोडावे. येथे कोणी नापास करीत नाही. गावच्या वाचनालयाची वर्गणी भरावी; तेथे चार पुस्तके चाळून पाचवे घरी आणता येते. आजी-आजोबांना रोज दोन पाने वाचून दाखवावीत. त्यांनी उत्सुकतेने ‘पुढे काय झाले?’ असे विचारले की वाचणाऱ्यालाही गोष्टीची ओढ पुन्हा लागते.

घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. मुलाच्या हाती कादंबरी दिसताच ‘याचा उपयोग काय?’ असे विचारू नये. ज्याने पाच-सहा वर्षे प्रत्येक पान उपयोगासाठीच वाचले, त्याला आता काही पाने केवळ आवडतात म्हणून वाचू द्यावीत.