सीडी नाही, मग तयारी हवी

नव्या संगणकासोबत विंडोजची सीडी मिळणे कधीच बंद झाले. त्याऐवजी हार्डडिस्कच्याच एका कप्प्यात रिकव्हरीची सोय असते; म्हणजे डिस्क गेली की औषधही गेले. म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीसारख्या गावात सेवा केंद्र किंवा झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्याने मशीन धड चालू असतानाच किमान ८ जीबीचा, रिकामा केला तरी चालेल असा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलेशनची प्रत तयार करावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि नवी आवृत्ती टाकण्याची वेळ कधीही येऊ शकते, त्यामुळे हे काम आणखी टाळण्यासारखे नाही.

कोणी म्हणेल, दुकानदार दोन-चारशे रुपयांत विंडोज टाकून देतो, एवढी उठाठेव कशाला? देतो खरा, पण बरेचदा चोरीची प्रत टाकतो आणि सी ड्राइव्ह सरळ फॉरमॅट करतो. डेस्कटॉपवरचे अर्ज, ग्राहकांचे फोटो त्यातच असतात. मूळ परवाना बहुधा मदरबोर्डशी जोडलेला असतो, तीच आवृत्ती टाकली तर नेट जोडताच विंडोज आपोआप सक्रिय होते. मग चोरीची प्रत हवीच कशाला? ‘लागेल तेव्हा नेटवरून उतरवू’ हा दुसरा युक्तिवाद. पण ती फाइल चार-पाच जीबीच्या पुढची, आणि नव्या विंडोजला वायफायचा ड्रायव्हर सापडला नाही तर नेट कुठून येणार? तेव्हा ड्रायव्हर, प्रिंटरचे सॉफ्टवेअर, डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की आणि कृतिदेवसारखे जुने फॉन्ट दुसऱ्या पेनड्राइव्हवर आधीच ठेवावेत. फॉन्ट विसरलात, तर जुने मराठी दाखले उघडतील, वाचता मात्र येणार नाहीत.