विश्लेषण : टायर बदलायला गणपतीची वाट कशाला?

जुलैत महाडच्या नाक्यावर उभे राहिले की हमखास दिसते. गाडी चकाचक, वायपर नवे, काचेवर बाप्पाचा स्टिकर आणि टायर मात्र टकले! आपल्याकडे टायर बदलण्याचा मुहूर्त गणपतीचा. तोवर निम्म्याहून अधिक पावसाळा सरलेला असतो. महाड-पोलादपूरकरांनी तरी हा मुहूर्त मे महिन्यावर आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या गाडीचे चार टायर म्हणजे पंधरा-वीस हजारांचा खर्च. तो लांबणीवर टाकावासा वाटणे साहजिक आहे. म्हणूनच टायर संपला कधी हे नीट कळायला हवे.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, दुचाकीची ०.८. टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण शोधा. त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याला भिडली की टायर संपला.

पण कोकणच्या पावसात तेवढ्यावर विसंबू नये. रस्त्यावरचे पाणी बाजूला फेकणे हे खाचांचे काम. त्या उथळ झाल्या की पाणी चाकाखालीच राहते. चौपदरी महामार्गावर वेगात असताना टायर त्यावर तरंगतो. ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही हातचे जातात. त्यामुळे तीन मिलिमीटर उरले की बदलाच. गेज नसेल तर काडेपेटीतली काडी खाचेत आडवी ठेवा. ती साधारण दोन मिलिमीटर जाड असते. वर डोकावली, तर फारच उशीर झाला. आतली कडाही बघा. अलाइनमेंट बिघडले की ती आधी झिजते आणि उभ्याने दिसत नाही.

नक्षी शाबूत, पण वय?

वर्षभर गावी उभ्या असलेल्या गाडीचा प्रश्न हा. टायरवरचे शेवटचे चार आकडे पाहा : ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावा, दहा वर्षांचा टायर कितीही नवा दिसो, काढावा. स्टेपनीही यातून सुटत नाही. खड्ड्यात आपटून कडेला फुगवटा आला असेल तर पॅच मारून भागत नाही, टायर बाद.

दोनच घेणार असाल तर नवे मागे बसवा. दुकानदार बहुधा पुढे सुचवतो. पुढची चाके घसरली तर वेग कमी केल्यावर गाडी सावरता येते; मागची घसरली की ती गरकन फिरते. आंबेनळीत फिरायला जागा कुठे आहे?

खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षे फिटनेस तपासणी नाही. पीयूसी होते, धूर तपासला जातो. टायर कोणी पाहत नाही. गणेशोत्सवात महामार्गावर सुविधा केंद्रे उभी राहतात. तिथे चहाच्या टेबलावर खाच मोजायचे एक गेज ठेवले, तर कशेडीच्या अलीकडेच बऱ्याच गाड्यांची झाडाझडती होईल.