दारी म्हणजे नेमके कोणाच्या दारी?

आमच्या वस्त्यांतून फिरताना एक गोष्ट हमखास नजरेस पडते. ज्या घरात चालू न शकणारे किंवा बोलू न शकणारे मूल आहे, त्या घरातील एक माणूस कामाला जात नाही. बहुधा ती आईच असते. अपंगत्व मुलाचे, पण त्यापायी घरातली एक मजुरी कायमची बुडते. सरकारी अर्जाच्या कोणत्याही रकान्यात ही बुडालेली मजुरी लिहायला जागा नसते. आज आम्हाला बोलायचे आहे ते या मजुरीबद्दल.

धंतोली म्हणजे नागपूरचा दवाखान्यांचा भाग. याच धंतोलीत, यशवंत स्टेडियमच्या इमारतीत, केंद्र सरकारने दिव्यांगांसाठी संयुक्त क्षेत्रीय केंद्र सुरू केले. तपासणी, व्यायामोपचार, वाचा व श्रवण उपचार अशा सेवा देण्यासाठी ही केंद्रे असतात. खाजगी दवाखान्याची पायरी ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. पण समजा, उमरेडकडच्या एखाद्या खेड्यातून एक मजूर बाई सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन एस.टी.ने निघाली. जाण्यायेण्यात दिवस गेला, दिवसाबरोबर मजुरीही गेली. बोलायला शिकविण्याचा उपचार एका खेपेत होत नाही. तो आठवड्या-आठवड्याला, महिनोन्‌महिने चालतो. चार-सहा खेपांनंतर ती बाई यायची थांबते. मग शेजारीपाजारी म्हणतात, आईच कंटाळली! ती कंटाळली नाही, तिचा हिशेब बसला नाही.

यावर उपाय काय, हे जगाला फार पूर्वी कळले आहे. १९७८ सालच्या अल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने वस्तीतच पुनर्वसन करण्याची कल्पना पुढे आणली. कल्पना साधी आहे. वस्तीतल्याच एखाद्या बाईला किंवा तरुणाला शिकवून तयार करायचे. त्याने घरी जाऊन आईला व्यायाम दाखवावा, मुलाचे नाव शाळेत घालावे, दाखल्याचे कागद पुरे करून द्यावेत. मोठ्या केंद्रातील तज्ज्ञाने अधूनमधून येऊन काम तपासावे. म्हणजे धंतोलीचे केंद्रही हवे आणि त्याचे हात वस्तीपर्यंत पोचायलाही हवेत.

ही मेहरबानीची गोष्ट नव्हे. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात आजारपण, वार्धक्य व अपंगत्व यांत लोकांना साहाय्य मिळावे, असे राज्याला सांगितले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे पाचवे कलम त्याहून पुढे जाते. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि घरी व वस्तीत मिळणाऱ्या मदतीच्या सेवा तिला उपलब्ध करून देण्याचा प्रयत्न सरकारने करावा, असे ते कलम म्हणते. २४ व्या कलमात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचीही तरतूद आहे. हा प्रश्न आमच्या घरांचा अधिकच आहे. २०११ च्या जनगणनेत देशात दर शंभरांत २.२१ लोक अपंग नोंदले गेले. अनुसूचित जातींत हेच प्रमाण २.४५ होते.

महाराष्ट्र सरकारने काही केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. ३ डिसेंबर २०२२ ला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर झाला. २०२३ मध्ये ‘दिव्यांगांच्या दारी’ हे अभियान निघाले. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे अनुदान २०२५ मध्ये १५०० वरून २५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. २५०० म्हणजे दिवसाला सुमारे ८३ रुपये. ते घेतलेच पाहिजेत, पण ती बुडालेल्या मजुरीची भरपाई नव्हे. आणि ‘दारी’ म्हणावे तर जिल्ह्याजिल्ह्यांत मेळावे भरले. मांडवापर्यंत यायचे दिव्यांगानेच! मेळाव्यात कागद होतात, साहित्य मिळते. पण मिळालेली तीनचाकी सायकल सहा महिन्यांनी मोडली तर ती दुरुस्त कोण करणार?

इतर राज्ये काय करतात ते पाहण्यासारखे आहे. केरळात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्यासाठी २०१० पासून ‘आश्वासकिरणम्’ योजना आहे. रक्कम थोडी, महिना ६०० रुपये, पण सांभाळणे हे काम आहे एवढे तरी सरकारने मान्य केले. तामिळनाडूने जागतिक बँकेच्या कर्जातून ‘राइट्स’ प्रकल्प हाती घेतला. त्यात घरोघर नोंद करायची आणि जवळच्या सेवाकेंद्रात सगळे उपचार एका छताखाली द्यायचे, अशी आखणी आहे. महाराष्ट्राच्या आखणीतही हे यायला हवे.

मात्र मुंबईहून आदेश निघेपर्यंत हात बांधून बसू नये. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी, असा आदेश आहे. नगरपालिका व महानगरपालिकांनाही ५ टक्के राखून ठेवावे लागतात. आम्ही कारकुनी पेशाचे, म्हणून हिशेब करून सांगतो. पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न ४ लाख असेल तर वर्षाला २० हजार निघतात. ते थोडेथोडे वाटले की कोणाच्याच कामी येत नाहीत. पाच-सहा गावांनी मिळून लाखभर रुपयांतून वस्तीतील एका मुलीला शिकवून घरोघर पाठविण्याची मागणी का करू नये?

आमची महिला मंडळांना आणि विहार समित्यांना विनंती आहे की, आधी आपल्या वस्तीतील दिव्यांगांची यादी करा. दाखला कोणाकडे आहे, कोणाकडे नाही, शाळेत कोण जाते, घरी सांभाळायला कोण थांबते, हे चार रकाने पुरेत. ती यादी घेऊन ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या कार्यालयात जा आणि ५ टक्क्यांचा हिशेब मागा. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाहीत. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी ही मागणी लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.