परसदाराच्या फटी

मार्गशीर्ष सरूं लागला कीं आमच्या धसईस रात्रीचा वारा बोचूं लागतो. पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. नाणेघाट व माळशेज घाट हे दोन्ही आमच्या मुरबाड तालुक्यांतूनच वर चढतात. रात्रीं डोंगरउतारावरील हवा गार होऊन जड होते व पाण्यासारखी खालीं उतरते. आमचें परसदार पूर्वाभिमुख असल्यामुळें तिचें पहिलें स्वागत त्यालाच करावें लागतें. दार आजोबांच्या वेळचें, सागवानी, दोन झडपांचें. लांकूड अद्याप खणखणीत आहे. परंतु सांध्यांतून वारा शीळ घालीत आंत येत असे.

गेल्या वर्षीं धाकटी कन्या पहिल्या बाळंतपणास माहेरीं आली आणि तिची खाट नेमकी या दाराच्या खोलींत पडली. बाळंतिणीस वारा लागूं नये म्हणून मीं मोठ्या उत्साहानें जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या खळीनें चिकटवून दाराची एकूणएक फट बंद केली, खिडकी लाविली आणि रीतीप्रमाणें शेकाची शेगडी रात्रीं आंतच राहूं दिली. पहांटे आमच्या थोरल्या वहिनी आंत गेल्या, तों मुलीचें डोकें ठणकत होतें, जीव मळमळत होता आणि बाळ हालवूनही नीट जागें होईना. वहिनींनीं कागद टराटरा फाडून दार सताड उघडलें, दोघांनाही मागल्या पडवींत आणविलें आणि मला म्हणाल्या, "भावजी, खोली बंद केलीत कीं पेटारा?" डॉक्टरांच्या उपचारानें दोघें सुखरूप राहिलीं, हें आमचें भाग्य, त्यांत माझें शहाणपण कांहींच नव्हतें.

धुमसत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्यास हा वायु प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. निजलेल्या माणसास त्याची चाहूलही लागत नाहीं. संस्कृत शिकलेल्या मजसारख्यास तर हा प्रमाद अधिकच लाजिरवाणा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पंधराव्या अध्यायांत, रुग्णाचें घर कसें असावें तें सांगितलें आहे. तें निवात असावें, असें म्हणून ग्रंथकारानें लगेच जोड दिली आहे कीं, त्याच्या एका भागांत वारा खेळता असावा. मीं अर्धेंच वाक्य आचरणांत आणिलें होतें.

या वर्षीं तेंच काम सुतारास बोलावून रीतसर केलें. प्रथम फट शोधावी. बाहेर वारा वाहत असतां पेटती उदबत्ती सांध्यासांध्यावरून हळूहळू फिरवावी व धूर जेथें वांकडा होईल तेथें खडूनें खूण करावी. आमच्या दारास अशा चार जागा निघाल्या. चौकट व भिंत यांमधील भेगेंत आधीं ताग ठांसला व वरून चुना-वाळूचा मसाला भरला. जुन्या दगडमातीच्या भिंतीस कडक सिमेंटपेक्षां चुना अधिक मानवतो. एक झडप खालीं लोंबत होती. तिच्या बिजागरीच्या स्क्रूंचीं भोकें मोठीं झालीं होतीं. त्यांत सरस लावून लांकडी खुंट्या ठोकल्या आणि स्क्रू पुन्हा पिळले. दोन झडपांच्या मधल्या सांध्यावर सागाची पट्टी आली, आणि झडपा चौकटीस जेथें टेकतात तेथें नमद्याची पट्टी बारीक चुकांनीं बसली. उंबऱ्यावर चांगली ६ सूत फट होती. तेथें सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी झडपांच्या खालच्या कडेस अशी लाविली कीं, ती उंबऱ्यास जेमतेम टेंकावी. वाऱ्याबरोबर विंचूकाट्याची भीतिही कमी झाली.

सुतारानें एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. लांकूड पावसाळ्यांत ओल पिऊन रुंदीनें फुगतें व पुढें कोरड्या हवेंत आकसतें. श्रावणांत दार अडतें म्हणून घाईनें रंधा मारला, तर तीच जागा पौषांत फट होऊन बसते. आमच्या परसदाराच्या निम्म्या फटी अशाच, मागें कधींकाळीं मारलेल्या रंध्यानें पडलेल्या आहेत. पावसाळ्यांत अडणाऱ्या कडेवर मेण चोळावें आणि रंध्याचें काम हिंवाळ्यावर टाकावें, हें उत्तम.

आतां दार बंद केलें कीं समईची ज्योत हालत नाहीं. तथापि खिडकीचा वरचा भाग रात्रभर उघडा असतो. तेथून येणारा वारा निजलेल्याच्या अंगावरून न जातां डोक्यावरून जातो. शेगडी मात्र शेक आटोपतांच खोलीबाहेर जाते. खिडकी उघडी आहे, या भरंवशावर निजतेवेळीं ती आंत ठेवूं नये, असा वहिनींचा दंडक आहे व तो मीं निमूटपणें मान्य केला आहे.

नातू आतां वर्षाचा झाला. उंबऱ्याशीं बसून ती रबरी पट्टी दोन्ही हातांनीं ओढणें, हा त्याचा सध्याचा उद्योग. निघाली तर निघूं दे. पट्टी पुन्हा लावितां येते.