मोबाईल अब्बांच्या खिशात

आमच्या नांदेडच्या मोहल्ल्यातली एक मुलगी ड्युओलिंगोवर स्पॅनिश शिकते. फुकट, पण रात्री दहानंतर, कारण मोबाईल अब्बांचा. जुम्म्यानंतर एकानं मला विचारलं, "त्यानं काय भाकरी मिळणार?" कर्ज काढून पोराला लातूरला नीटच्या क्लासला धाडताना हा प्रश्न कुठं जातो? घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी बोलणाऱ्या पोरीला आणखी एक भाषा जड नाही. म्हणे परक्यांची भाषा! स्पॅनिशमधला ‘ओखाला’ अंदलुसच्या अरबीतून आलाय: ‘अल्लाहनं चाहलं तर’. साखरेचा ‘असूकार’ही अरबीतूनच गेलेला. तासभर मोबाईल दिवसाउजेडी पोरीच्या हाती द्या, आणि कुणाशी बोलतेय म्हणून दर पाच मिनिटांनी डोकावू नका.