हवेचा अंश आणि तापाचा अंश

वैशाखांतल्या दुपारीं छत्रपति संभाजीनगरच्या गुलमंडीवर दोन व्यापारी भेटले म्हणजे ‘आज ४० झालें’ एवढें बोलून आपापल्या कामास लागतात. त्याच रात्रीं घरीं मूल तापलें आणि तापमापकानें १०४ दाखविलें, तर सारें घर घाबरून डॉक्टरांकडे धांवतें. वस्तुतः हे दोन्ही आंकडे एकाच उष्णतेचे आहेत! हवा आम्ही सेल्सियसनें मोजतों आणि अंगाचा ताप फॅरनहाइटनें. म्हणून एक आंकडा भिववितो व दुसरा कानांवरून जातो.

फॅरनहाइटचें माप १७२४ चें, सेल्सियसचें १७४२ चें. फॅरनहाइटचा अंश लहान, म्हणून रोजची हवा त्यानें अधिक बारकाईनें सांगतां येते, असें त्याचे कैवारी म्हणतात. परंतु त्या एका अंशाचा फरक अंगास कितीसा कळतो? शिवाय १९५६ च्या कायद्यानें देशानें दशमान वजनमापें पत्करलीं; शेर व मण गेले, आणेहि गेले, तरी बाजार अडला नाहीं. मागें राहिला तो बहुतेक घरांतला तापमापक.

हा केवळ गणिताचा वाद नव्हे. निरोगी शरीराची उष्णता सुमारें ३७ सेल्सियस असते. हवा तिच्याहून थंड असेल, तर अंगाची उष्णता हवेंत जाते. हवा अधिक तापली, म्हणजे ती उलट अंगांत शिरूं लागते आणि घाम वाळणें हाच काय तो आधार उरतो. उष्माघातांत शरीरच ४० च्या वर जातें व प्राणावर बेततें. ३७ व ४० शेजारीं मांडले, तर शाळकरी मुलासहि हें उमजेल, ९८.६ व ४० मांडले, तर जाणताहि गोंधळेल.

म्हणून आमची सूचना अशी कीं, डॉक्टरांनीं ताप सांगतांना सेल्सियसचा आंकडाहि सांगावा, आणि शाळांनीं ३७ हा अंक मुलांच्या मनावर ठसवावा. मोंढ्यांतील व्यापाऱ्यांनीं हवामानखात्याचा आंकडा रोज दुकानाच्या फळ्यावर लिहावा. तो आंकडा सावलींतला असतो, हेंहि विसरूं नये. उन्हांत पाठीवर गोणी वाहणाऱ्या हमालाचे हाल त्याहून अधिक. ३७ ओलांडतांच त्यास पाणी, सावली व विसावा मिळालाच पाहिजे. फळ्यावरचा अंक वाचूनहि भर दुपारीं त्याच्या पाठीवरची गोणी उतरली नाहीं, तर माप कोणतेंहि असो, तें व्यर्थच होय.